मन्मथआप्पांची माफक धूळ

मन्मथआप्पांना समाधी दिली, त्यानंतर त्यांच्या नावाचं जेवण झालं. पंगत बसली होती. अडत्या राजाभाऊ वाढप्याला म्हणाला, "वरण जपून वाढ बे. वर आप्पांचा फोटो टांगलाय, गारा पडतील." पंगत हसली. आप्पांचे जावई हसले. आप्पांच्या मुलीलासुद्धा तोंडाला पदर लावावा लागला. मीही हसलो.

माझी बायको कमल तिथेच होती. घरी येऊन पाय धुताना तिने एवढंच विचारलं, "तुमी पण हसलात?"

सिरसाळ्यात आप्पांना गारपीटआप्पा म्हणतात. त्यांनी बसवलेला एसी घरात गारा पाडतो, असा तो विनोद आहे. ज्यांनी आप्पांना कधी पाहिलं नाही, अशी पोरंसुद्धा तो सांगतात. या विनोदाचा जन्म माझ्या घरात, माझ्या मधल्या खोलीत झाला. तो खोटा आहे आणि तो खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता माझं वय अठ्याहत्तर आहे. एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. परीक्षेत पोरांनी चुकीचं उत्तर लिहिलं की लाल शाईने दुरुस्त करायची सवय होती. हे एक उत्तर तेवढं राहून गेलं.

आप्पांचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढे एक बाकडं आणि आत छतापर्यंत कूलरचं गवत. लाकडाच्या बारीक पिवळ्या सालींच्या त्या गवताचा वास सगळ्या रस्त्याला यायचा. सुरुवातीला आप्पा फक्त कूलरची ताटं, म्हणजे बाजूच्या जाळीच्या चौकटी, भरत. गवत आधी झटकत, मग पिंजत, मग जाळीत बसवताना हाताने असं थापटत की जणू आजारी माणसाची उशी नीट करतायत. पुढे गावात एसी आले तेव्हा आप्पा परळीला जाऊन ते काम शिकले. पण डोकं गवतवाल्याचंच राहिलं. यंत्र कितीही महागाचं असो, आप्पा आधी त्याच्या नाकाची चौकशी करत.

दिसायला उंच, किडकिडीत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. गळ्यातली लिंगाची चांदीची करंडी स्टुलावर चढण्याआधी ते सदऱ्याच्या आत सरकवत, तिला नमस्कार करत आणि मगच वर पाय ठेवत. संध्याकाळपर्यंत कपाळावर भस्म किती आणि गिऱ्हाइकाच्या घरची धूळ किती, हे शिवालाच ठाऊक.

घरात शिरले की रामराम वगैरे नंतर. आधी मान वर करून एसीकडे बघायचे, नाक फुगवून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "कालचा दिवस द्या."

पहिल्यांदा मला कळलं नाही. त्यांना दिनदर्शिकेचं कालचं पान हवं होतं. आमच्याकडे रोजचं एक पान फाडायची दिनदर्शिका असते. ते पातळ पान घेऊन आप्पा स्टुलावर चढले आणि मशीन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी त्यांनी ते धरून सोडलं. पान चिकटून राहिलं तर मशीन श्वास घेतंय. गळून खाली आलं तर जाळी तुंबलीय. बस, एवढीच परीक्षा. मी शाळेत हवेच्या दाबावर दोन तास बोलायचो, त्यापेक्षा हे सोपं होतं.

"पण कालचंच पान का?" मी विचारलं.

"आजचं फाडलं तर वहिनी चतुर्थी कवा हाय ते कशात बगतील?"

एसीतल्या फिल्टरला आप्पा फिल्टर म्हणत नसत. जाळी म्हणत. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "थंडी मशीन देत न्हाई, जाळी देती." जाळी कधी धुवायची याचं त्यांचं वेळापत्रक तारखांवर नव्हतं. गावाबाहेरच्या जिनिंगचा हंगाम जोरात असला की कापसाची लव उडते, त्या दिवसांत दर आठवड्याला. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्या, रस्त्यावरून ट्रॅक्टर धावायला लागले की लगेच एकदा. वावटळीच्या दिवसांत पंधरवड्याला. मृग लागला की शेवटची धुलाई, मग मशीन झाकून टाका. सगळ्या गावाची धूळ त्यांनी अशी पाठ केली होती.

धुण्याचेही नियम होते. साधं गार पाणी. पाणी मागच्या बाजूने ओतायचं, म्हणजे धूळ आली त्या वाटेनं परत जाते. भांड्यांची घासणी नाही, सोडा नाही. वाळवायची सावलीत. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत बसवायची नाही, नाहीतर घरात ओल्या गोधडीचा वास. एका घरी कुणीतरी ती उकळत्या पाण्यात सोडा घालून धुतली आणि भर उन्हात पत्र्यावर टाकली. तिची कुरडई झाली. ती वाकडी जाळी आप्पांनी दुकानात दर्शनी खिळ्याला टांगली होती. आलेल्या प्रत्येकाला दाखवत, "असं करू नका." पण ती कुणाची, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. राजाभाऊ दुकानात आला की नेहमी त्या खिळ्याकडे पाठ करून बसायचा, यावरून माझा एक अंदाज आहे.

यातच आप्पांची ती सवय आली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

गिऱ्हाइकाची जाळी काढली की ते कधीही ती रस्त्यावर नेऊन झटकत नसत. समोर अंगण असो, ओटा असो, हाताशी नळ असो. जाळी पंच्यात गुंडाळायची, काखेत धरायची आणि घरातून मागे न्हाणीत न्यायची. एखाद्या घरी मागे जागा नसली तर बादली आत मागवत. नवी नवरी न्यावी तसा तो पदराआडचा कारभार बघून बाया तोंडाला पदर लावायच्या.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, दारातच झटका की. कशाला एवढा सोहळा?"

"गुरुजी, पावणा येणार म्हणून आपण घर झाडतो. पावण्याच्या तोंडापुढं झाडतो का?" ते म्हणाले. "ज्याची धूळ त्याच्या उंबऱ्याच्या आत."

शेजाऱ्यांना मात्र उत्सुकता असायची. आप्पा एखाद्या घरातून बाहेर पडले की ओट्यावरचं कुणीतरी विचारणारच, "काय आप्पा, किती निघाली?" आप्पांचं उत्तर ठरलेलं, "माफक."

चार वर्षं न धुतलेली जाळी असो, माफक. पालीची अंडी निघोत, माफक. एका घरात मशीनमधून उंदराचं सगळं बिऱ्हाड निघालं. तेव्हाही आप्पा बाहेर येऊन म्हणाले, "माफक." त्या घरची सूनच नंतर सगळ्या आळीला उंदराची गोष्ट सांगत फिरली. आप्पांच्या तोंडून नाही म्हणजे नाही.

राजाभाऊने नवा एसी घेतला तेव्हाची गोष्ट. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की सगळ्यात दाट जाळी बसवली की धुळीचा कणही आत येत नाही. दुकानात येऊन म्हणाला, "आप्पा, मला ती दवाखान्यातली पाहिजे. लई बारीकवाली."

"तुमच्या मशिनीला ती न्हाई चालायची."

"कावून न्हाई? पैसे काय तुमी देणार हाव का?"

आप्पांनी त्याचाच उपरण्यासारखा मोठा रुमाल घेतला, चार घड्या घातल्या आणि त्याच्या हातात दिला. "हे नाकावर गच्च धरा अन् समोरच्या माडीवर चढून या." राजाभाऊ हट्टाचा. गेला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला होता.

"कसं वाटलं?"

"मेलो की बे!"

"धूळ शिरली का नाकात?"

"धूळ कसली, हवाच शिरंना!"

"मग मशिनीला रोज दहा तास ह्येच करायला लावता व्हय? दवाखान्यातल्या मशिनीची छातीच येगळी असती. तिला दाट जाळीतून ओढायचं बळ देऊन घडवल्याली असती ती. तुमच्या मशिनीसंगं जी जाळी आली ती तिच्या मापाची. बैलाला येसण घालावी राजाभाऊ, नाकात बोळा कोंबू नये."

मी तेव्हा दुकानाच्या बाकड्यावर बसलो होतो. पोट धरून हसलो. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

कमलला दमा आहे. जिनिंगचे दिवस तिला जड जातात. खिडकी उघडली की लव आत, बंद केली की उकाड्याने घुसमट. म्हणून पुण्याला असलेल्या माझ्या मुलाने, श्रीकांतने, मधल्या खोलीत एसी बसवून दिला. बसवला आप्पांनीच. पहिल्या चैत्रातच मला वाटायला लागलं की जाळीची भोकं फार मोठी आहेत. मी काचेच्या नरसाळ्यात गाळणकागद घालून पोरांना गढूळ पाणी गाळून दाखवलेला माणूस. गाळणी जितकी बारीक तितकं पाणी स्वच्छ. आप्पांकडे दाट जाळी मागितली. ते म्हणाले, "गुरुजी, हवा म्हणजे चहा न्हाई. लई बारीक गाळली तर कपात कायच येत न्हाई." मला राग आला. गवतवाल्याने मला गाळण शिकवावं?

मग मी माझ्या एका जुन्या मऊ धोतराचा तुकडा फाडला, दुहेरी घडी केली आणि कमल देवळात गेलेली असताना जाळीच्या चौकटीला चारी बाजूंनी धावदोरा घालून शिवला. टाके इतके सरळ आले की मी स्वतःवर खूश झालो. वरचं झाकण लावल्यावर बाहेरून काही दिसत नव्हतं.

दोन दिवस हवा जरा कमी वाटली. मी मशीन सोळावर केलं. मग आणखी कमी झाली. मी म्हटलं, कमी पण शुद्ध. रोज घरात येणाऱ्या लवेने ते धोतर आतून गोधडीसारखं होत होतं, हे मला दिसत नव्हतं. हवाच फिरेना, तेव्हा आतल्या थंड नळ्यांवर बर्फ धरायला लागला. हे मी नंतर समजून घेतलं. खरं तर आधीच समजायला हवं होतं. सातवीच्या धड्यात आहे.

एका दुपारी श्रीकांतचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, लातूरहून आले. श्रीकांतही आलेला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून पंगत एसीच्या खोलीत मांडली. राजाभाऊ शेजारी, त्यालाही बसवलं. व्याह्यांना मानाची जागा म्हणून बरोबर एसीखाली. पुरणपोळीवर तूप वाढलं आणि लाइट गेली.

मशीन थांबलं. थोड्या वेळाने आतून कट्ट असा आवाज आला. मग पाण्याची धार सुटली आणि पाठोपाठ बर्फाचे चपटे तुकडे खडाखड व्याह्यांच्या टोपीवर, खांद्यावर आणि तुपाच्या वाटीत पडले. व्याही फार सभ्य माणूस. ते ताट उचलून भिंतीकडे सरकले आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या." राजाभाऊ मात्र उभा राहिला, हात वर करून ओरडला, "गारपीट! आरं गारपीट झाली! तलाठ्याला बोलवा, पंचनामा करायचाय!"

सगळे हसत होते. श्रीकांत सोडून. सासऱ्यांसमोर त्याची मान खाली गेली होती. त्याने तिथेच आप्पांना फोन लावला. "आप्पा, आत्ताच्या आत्ता या."

आणि मी? सगळे दुसऱ्या खोलीत जाऊन टोप्या पुसत असताना मी स्टुलावर चढलो, जाळी काढली, धोतर ओरबाडून टाके तोडले, तो ओला गोळा बाजेखालच्या ट्रंकेमागे कोंबला आणि जाळी परत बसवली. माझ्या आयुष्यात मी इतक्या चपळाईने दुसरं काहीही केलेलं नाही.

आप्पा सायकलवरून आले. तोवर लाइट आली होती. खोलीत सगळे जमलेले. आप्पांनी मान वर केली, नाक फुगवलं. "कालचा दिवस द्या." श्रीकांतने चिडूनच पान फाडून दिलं. मशीन सुरू झालं. पान तोंडाला घट्ट चिकटून बसलं. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. श्वास चांगला होता, मग बर्फ कसा? त्यांनी जाळी काढली. कडेवरून बोट फिरवत नेलं आणि एका कोपऱ्यात थांबले.

कोपऱ्यातल्या खाचेत पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका राहिला होता. मला तो स्टुलाखालून दिसला. आप्पांनी तो नखाने उचलला, दोन बोटांत फिरवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. राजाभाऊकडे, श्रीकांतकडे, व्याह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे तेवढं नाही.

"फिटिंग चुकलंय तुमचं, आप्पा," श्रीकांत म्हणाला. "सगळ्यांसमोर आमची शोभा झाली."

आप्पा स्टुलावरून उतरले. करंडी सदऱ्याबाहेर काढून नीट केली. मग मला म्हणाले, "गुरुजी, तुमी काय म्हणता? तुमी घरातच असता."

एवढं दार त्यांनी उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "मी काय सांगणार आप्पा? मला यातलं काय कळतं?"

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला मी.

आप्पांनी स्टूल पुन्हा मशीनखाली सरकवलं. मग म्हणाले, "आसंल. माझंच फिटिंग चुकलं आसंल." आणि त्या अंगावर येणाऱ्या उकाड्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ठीकठाक असलेलं मशीन भिंतीवरून उतरवलं आणि पुन्हा तसंच्या तसं बसवलं.

राजाभाऊची जीभ म्हणजे आकाशवाणी. दुसऱ्या दिवशी बाजारात, तिसऱ्या दिवशी परळीच्या बसमध्ये. "गारपीटआप्पाकडून एसी घ्या, बर्फाचा गोळा फुकट!" वाईट म्हणजे कुणालाही आप्पांचा राग आला नव्हता. राग आला असता तर भांडण झालं असतं, खरंखोटं झालं असतं. लोक फक्त हसत होते, आणि ज्याला हसतो त्याच्याकडून कुणी मशीन बसवून घेत नाही. गावात नवं मंगल कार्यालय होत होतं. तिथले सगळे एसी आप्पा बसवणार, असं ठरलेलं होतं. ते काम परळीच्या माणसाकडे गेलं. मालक आप्पांच्या पाठीवर हात मारून म्हणाला, "लग्नात अक्षता पडू द्या आप्पा, गारा कशाला?" आप्पाही हसले. पुढच्या वर्षीपासून ते पुन्हा बहुतेक कूलरचं गवतच भरू लागले. जुनी चार-पाच घरं तेवढी राहिली, त्यात माझं.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. आधी म्हटलं, व्याही जाऊ देत. मग म्हटलं, श्रीकांत जाऊ दे, बापाची फजिती पोरासमोर नको. मग पाऊस लागला. पावसाळ्यात एसीचा विषय कोण काढतो? मग दिवाळी आली. दिवाळीत कुणी असलं बोलतं का? अशी सहा वर्षं गेली. बहाण्यांना मुहूर्त लागत नाही.

आणि आप्पा त्या प्रकारानंतर आठवड्याने आमच्याकडे आले, ते हातात एक जादा जाळी घेऊन. तशीच, मशीनच्या मापाची. कमलला म्हणाले, "वहिनी, एक धुवून वाळत घालायची तवर दुसरी लावायची. मशीन एक दिस बी उघडं न्हाई. अन् धूळ जाळीवर ढकलू नका, दारातच अडवा. दारात वलं पोतं टाका. जिनिंगच्या अंगाची खिडकी हंगामात उघडूच नका. फरशी झाडू नका, वल्या फडक्यानं पुसा. गाद्या झटकायच्या त्या मागच्या आंगणात." मग म्हणाले, "गुरुजींना तुमच्या दम्याची लई काळजी हाय बरं का. ती मला दिसली."

कमलला त्या वर्षी जिनिंगचा हंगाम पहिल्यांदाच बरा गेला. माझ्या धोतराने जे केलं नाही ते ओल्या पोत्याने केलं.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते या होळीनंतर. टोळ्या परतायला लागल्या होत्या. आप्पा सायकल हातात धरून चालत आले. त्यांना आता दम लागत होता. स्टुलापाशी आले, करंडी आत सरकवली, नमस्कार केला, एक पाय वर ठेवला आणि तसेच थांबले.

"गुरुजी, तुमीच चढा आज."

मी चढलो. अठ्याहत्तरीचा माणूस स्टुलावर आणि पंचाहत्तरीचा खाली त्याचे पाय धरून. कमल दारातून म्हणाली, "दोघं मिळून पडा, म्हंजी एकाच गाडीत दवाखान्याला नेता येईल."

"कालचा दिवस द्या," आप्पा म्हणाले. कमलने पान दिलं. मी ते धरून सोडलं. ते गिरक्या घेत खाली आलं, आप्पांच्या पायाशी. मी जाळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पंच्यात गुंडाळली, काखेत धरली आणि आम्ही दोघं न्हाणीत गेलो.

ते पाटावर बसले. मी तांब्याने जाळीच्या मागच्या बाजूने पाणी ओतत होतो. काळी धार मोरीत जात होती. दोघांचंही तोंड मोरीकडे. बोलायला ती जागा बरी होती.

"आप्पा, त्या दिवशी जाळीला धोतर मी शिवलं होतं."

"हळू वता. पाणी उडतंय."

"ऐकलं का तुम्ही?"

"मला ठाऊक हाय की. टाका घावला होता. मशिनीनं शिवल्यावानी सरळ. इतकं नेमानं गावात दुसरं कोण शिवणार?"

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी जाळी उजेडाकडे धरली, तिच्यातून न्हाणीच्या झरोक्याकडे पाहिलं. "तुमाला इचारलं होतं ना म्या. तुमी सांगितलं आसतं तर गोष्ट येगळी. तुमच्या घरातली गोष्ट म्या कशी बाहीर नेणार?"

"तुमचं काम गेलं. नाव गेलं. पोरं चिडवतात तुम्हाला."

"काम गेल्याचं लागलं," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. "कार्यालयाच्या एसीचं लई मनात होतं. पोरीला दाखवायचं होतं, बग, ह्ये तुझ्या बापानं बसवलं म्हणून." मग तांब्यापुढे जाळी उलटी करून म्हणाले, "ह्या कोपऱ्यात वता. राहिली हाय जरा."

मी म्हटलं, "उद्या बाजार आहे. उद्या चौकात सगळ्यांसमोर सांगतो, राजाभाऊला उभा करून सांगतो."

"आधी सावलीत वाळू द्या," आप्पा म्हणाले. जाळीचं म्हणाले की माझं, मी विचारलं नाही.

उद्याचा बाजार झाला. त्याच्या पुढचाही झाला. मी दोनदा चौकापर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो. तिसऱ्या बाजाराच्या आधीच आप्पा गेले.

जेवणाच्या पंगतीत हसून आलो त्या दिवशी, पाय पुसून झाल्यावर कमलने ट्रंक उघडली आणि माझ्यापुढे एक धोतराचा तुकडा ठेवला. धुतलेला, घडी घातलेला. मधोमध जाळीच्या मापाचा चौकोनी डाग, धुऊनही न गेलेला. "सहा वर्षांपूर्वीच घावला मला. चौकोनी मळ कशानं व्हतो ते कळत न्हाई का? म्हटलं, तुमी सांगाल," ती म्हणाली. "म्हून थांबले व्हते."

तो तुकडा आता टेबलावर माझ्या समोर आहे. हे लिहून झालं की हे कागद आणि तो तुकडा राजाभाऊकडे नेणार आहे. पंगतीत वाचून दाखवायला उशीर झाला, पण चौक अजून आहे.

त्या होळीनंतरच्या दुपारी जादा जाळी बसवून दिल्यावर आप्पा निघाले. मी दारापर्यंत गेलो. ओलं पोतं ओलांडून ते रस्त्यावर उतरले, सायकलचं हँडल धरलं. पंचा खांद्यावर होता, त्यातून पाणी ठिबकत होतं आणि सदऱ्याच्या पाठीवर ओला पट्टा उमटत होता. राजाभाऊ ओट्यावर बसलेला. त्याने हाक मारलीच.

"काय गारपीटआप्पा! गुरुजींची किती निघाली?"

आप्पांनी वळूनही पाहिलं नाही. सायकल ढकलत, धापा टाकत, ते म्हणाले, "माफक."

माफक नव्हती, राजाभाऊ. लई होती.